कामाच्या कुत्र्याची नोंदवही आणि मान्यतेचा कागद

काम करणाऱ्या कुत्र्यांच्या जातीला अधिकृत मान्यता मिळवायचं ठरलं की सगळ्यांचा हात आधी स्टँडर्डकडे जातो. उंची किती असावी, कान कसे, शेपूट कशी, कोणते रंग चालतील. मेंढरं वळणाऱ्या एका जुन्या जातीसाठी आम्ही ही सगळी प्रक्रिया केली तेव्हा तो कागद मुद्दाम शेवटी ठेवला. मान्यतेने जातीचं जे भलं होतं ते जवळजवळ सगळं नोंदवहीमुळे होतं. जे वाटोळं होतं ते दोन गोष्टींनी होतं: दिसण्यापुरतं लिहिलेलं स्टँडर्ड आणि नव्या रक्ताला दार बंद करणारं स्टडबुक, म्हणजे जातीची अधिकृत वंशवही. म्हणून आमचा क्रम असा होता की आधी नोंदवही, मग आरोग्याच्या तपासण्या आणि कामाची परीक्षा, आणि हे हाताशी आल्यावर स्टँडर्ड.

नोंद कळपावर जाऊन करावी लागते. मालकांना एका ठिकाणी बोलावलं तर देखणे आणि शांत कुत्रे येतात, कामातले कुत्रे कामावरच राहतात, आणि नोंदवही पहिल्या पानापासून एका बाजूला झुकते. प्रत्येक कुत्र्याच्या पानावर आम्ही मायक्रोचिपचा क्रमांक, नर की मादी, जन्माचं साल (नक्की की अंदाजे, हे वेगळं लिहून), आई, बाप, कोणती जनावरं वळतो, कळप केवढा, एकटा सांभाळतो की जोडीने, आणि कितव्या महिन्यापासून कामाला लागला, एवढं लिहीत होतो. ‘बाप’ या रकान्याला तीन पायऱ्या ठेवल्या: जोडी लागताना पाहिलेला, मालकाच्या मते असलेला, आणि अज्ञात. नावाजलेल्या नराचं नाव बाप म्हणून सांगायचा मोह सगळीकडे असतो. कोरा रकाना परवडतो. चुकीचं नाव मात्र पुढच्या प्रत्येक पिढीच्या हिशेबात शिरतं, आणि नात्यातल्या जोड्या बिननात्याच्या दिसू लागतात.

मायक्रोचिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी, १३४.२ किलोहर्ट्‌झवर चालणारी घ्यावी. ती दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसते. क्रम चुकवू नये: आधी कुत्र्याच्या अंगात जुनी चिप आहे का ते स्कॅनरने पाहायचं, मग पाकिटातली चिप वाचून स्टिकरवरच्या आकड्याशी जुळवायची, टोचायची, पुन्हा वाचायची आणि स्टिकर तिथल्या तिथे पानावर चिकटवायचं. ‘नंतर चिकटवू’ म्हणून दोन स्टिकर हातात राहिले की दोन भावंडांची अदलाबदल झालीच. चिप वाचली जात नसेल तर आधी गळ्यातला लोखंडी पट्टा काढावा, मग स्कॅनर खांद्यापासून कोपरापर्यंत नागमोडी आणि सावकाश फिरवावा, कारण चिप कातडीखाली सरकते. जुना १२५ किलोहर्ट्‌झचा स्कॅनर ही चिप वाचतच नाही.

डीएनएसाठी गालाच्या आतून स्वॅब घेतो. कुत्र्याने त्याआधी तासभर काही खाल्लेलं नसावं. पिल्लू असेल तर तेवढा वेळ आईपासून दूर ठेवावं, नाहीतर दुधाबरोबर आईच्या पेशी स्वॅबवर येतात आणि निकाल गढूळ होतो. प्रत्येक कुत्र्याचे दोन स्वॅब, हवेत वाळवलेले, कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते, बुरशी धरते आणि नमुना फुकट जातो. पाकिटावर कुत्र्याचं नाव लिहून भागत नाही, चिपचा क्रमांक लागतो. एकाच नावाचे कुत्रे प्रत्येक कळपात असतात.

आईबापाची खातरजमा एका पिल्लावरून करू नये. मादी माजावर असताना बरेच दिवस नर घेते, आणि मोकळ्यावर राहणाऱ्या कुत्र्यांत एकाच वेतातली पिल्लं दोन बापांची निघणं हा अपवाद नाही. म्हणून वेतातल्या प्रत्येक पिल्लाचा नमुना आणि आसपासच्या सगळ्या वयात आलेल्या नरांचे नमुने लागतात. हा खर्च मोठा असतो, आणि इथेच कात्री लावायचा आग्रह होतो. लावू नये. वंशावळीवर विश्वास ठेवायचं एकमेव कारण हेच आहे.

आता मान्यतेच्या अटींकडे येऊ. कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणारा अमेरिकन केनेल क्लब पूर्ण मान्यतेसाठी साधारण ३०० ते ४०० कुत्रे मागतो, प्रत्येकाची तीन पिढ्यांची वंशावळ, ते किमान २० राज्यांत पसरलेले, आणि १०० कुटुंबांची सभासद संख्या असलेला राष्ट्रीय क्लब. १९११ साली स्थापन झालेली एफसीआय, म्हणजे देशोदेशीच्या केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना, आठ स्वतंत्र रक्तरेषा पाहते, प्रत्येकीत किमान दोन नर आणि सहा माद्या, आणि या रेषांचा तीन पिढ्यांत एकमेकींशी संबंध नसावा. त्यानंतरही आधी तात्पुरती मान्यता मिळते आणि पक्की व्हायला किमान दहा वर्षं जातात. कागदावर या अटी वाजवी आहेत. अडचण त्यांच्या घड्याळाची आहे. मेंढरं वळणारा कुत्रा तीन-चार वर्षांचा झाल्याशिवाय त्याचं खरं मोल कळत नाही. दीड वर्षाचा असताना चमकदार वाटणारा कुत्रा पुढे कळपावर दात टाकायला लागतो, किंवा उन्हात बसकण मारतो. म्हणजे काम पाहून जोडी लावायची तर तीन पिढ्यांना नऊ ते बारा वर्षं लागतात. मान्यतेची घाई असलेला गट हे अंतर कसं कापतो? मादीच्या पहिल्या-दुसऱ्या माजावरच जोडी लावून. वंशावळीतले चौदा रकाने भराभर भरतात, आणि त्यातल्या एकाही कुत्र्याने कळपावर काय केलं हे कोणाला माहीत नसतं. कामाचे कुत्रे शोच्या, म्हणजे नुसत्या दिसण्याच्या स्पर्धेच्या, कुत्र्यांत बदलायला शो लागतच नाहीत. ही घाई पुरते. म्हणून आम्ही अर्ज लांबवला आणि ज्या मादीच्या पानावर कामाची नोंद नाही तिचं वेत मुख्य वहीत घेतलं नाही. यावर कुरकुर झाली, वाद झाले, काही मालक सोडून गेले. नियम तसाच राहिला.

दुसरा धोका नरांच्या संख्येचा. प्रभावी समूहसंख्या, म्हणजे पैदाशीच्या हिशेबात जात खरोखर किती कुत्र्यांची आहे तो आकडा, काढायचं सूत्र सोपं आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. वहीत १०५ कुत्रे आहेत, पण पैदास पाच नरांवर आणि शंभर माद्यांवर चालली आहे, तर उत्तर येतं १९. म्हणजे अंतःप्रजननाच्या (नात्यातल्या जोड्यांच्या) दृष्टीने ही जात १९ कुत्र्यांची आहे, आणि दर पिढीला अंतःप्रजनन सुमारे २.६ टक्क्यांनी वाढणार. तेच १०५ कुत्रे २० नर आणि ८५ माद्या असे वापरले तर उत्तर ६५ येतं आणि वाढ पाऊण टक्क्याच्या आसपास राहते. एकही नवा कुत्रा न आणता एवढा फरक पडतो. मान्यता मिळाली की नेमकं उलटं होतं: एखादा नर बक्षीस मिळवतो, सगळे त्याच्याकडे मादी घेऊन जातात, आणि दोन पिढ्यांनी प्रत्येक वंशावळीत त्याचंच नाव दिसतं. पाच वर्षांत जातीत नोंदल्या गेलेल्या पिल्लांपैकी पाच टक्क्यांहून जास्त पिल्लं एकाच नराची नसावीत, अशी शिफारस एफसीआयच्याच पैदास धोरणात आहे. शिफारस कोणी पाळत नाही. आम्ही ती वहीचा नियम केली. नराच्या पानावर पिल्लांची बेरीज चालू ठेवायची आणि मर्यादा गाठली की पुढचं वेत नोंदायचं नाही.

नात्याचं मोजमाप करताना तीन पिढ्यांवर थांबू नये. सख्ख्या भावंडांची जोडी लावली तर पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के, सावत्र भावंडांची १२.५, चुलत-मावस भावंडांची ६.२५. पण हे आकडे वंशावळ जेवढी मागे जाते तेवढेच खरे असतात. तीन पिढ्यांत शून्य दिसणारी जोडी दहा पिढ्यांत चांगलीच जवळची निघू शकते. जुनी वंशावळ नसेल तर डीएनएवरून काढलेला गुणांक वापरावा. तो कागदाच्या लांबीवर अवलंबून नसतो.

आरोग्याच्या तपासण्या हा मान्यतेचा निर्विवाद फायदा. नोंदवही नसेल तर खुब्याचा एक्स-रे एका कुत्र्यापुरता राहतो. नोंदवही असेल तर तो त्याच्या भावंडांबद्दल आणि आईबापाबद्दलही काही सांगतो. तपासणीचा क्रम इथेही महत्त्वाचा. कोली वंशाशी नातं असलेल्या जातींत एमडीआर१ हा जनुकदोष आढळतो. तो असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा मोठा डोस किंवा जुलाबावरचं लोपेरामाइड जीवघेणं ठरू शकतं, आणि गुंगीसाठी वापरलं जाणारं एसप्रोमाझिन किंवा ब्यूटोरफॅनॉल नेहमीच्या मात्रेतही जास्त चढतं. एक्स-रेसाठी गुंगी द्यावी लागतेच. म्हणून गालाच्या स्वॅबचा एमडीआर१चा निकाल हातात आल्यावरच एक्स-रेची तारीख घ्यावी, आणि निकाल पशुवैद्याला आधी दाखवावा. एक्स-रेत कंबर जराशी तिरकी पडली तरी एका बाजूचा खुबा उथळ दिसतो. अशी फिल्म तिथेच रद्द करून दुसरी काढायला सांगावी. वयाचीही अट आहे: एफसीआयच्या पद्धतीत बारा महिन्यांच्या आत आणि मोठ्या जातींत अठरा महिन्यांच्या आत खुब्याला श्रेणी देत नाहीत, अमेरिकेत अंतिम दाखला २४ महिन्यांनंतर मिळतो. कोली आय अनॉमली या डोळ्यांच्या दोषाचं मात्र उलटं आहे. तो सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत स्पष्ट दिसतो आणि पुढे डोळ्यामागचा रंग दाट झाला की झाकला जातो. मोठेपणी तपासून ‘निर्दोष’ ठरवलेला कुत्रा दोषी असू शकतो. त्याच्यासाठी डीएनए चाचणीच हवी.

निकाल आले की वाहक कुत्र्यांना, म्हणजे दोषी जनुकाची एकच प्रत असलेल्यांना, वहीतून काढा अशी मागणी येते. ती मानू नये. अशा कुत्र्याला निर्दोष जोडीदार दिला तर एकही पिल्लू आजारी होत नाही, सरासरी निम्मी वाहक होतात, आणि पुढच्या पिढीत निर्दोष पिल्लं निवडता येतात. जातीतले एक चतुर्थांश कुत्रे वाहक असतील आणि सगळे एकदम काढले, तर त्यांच्याबरोबर बाकीचे चांगले गुणही तेवढेच जातात.

कामाच्या परीक्षेसाठी इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटीची पद्धत सगळ्यांत जुनी आणि अजूनही सगळ्यांत उपयोगी. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली, आणि बॉर्डर कोली आज जसा आहे तसा तो घडला तिच्या वहीमुळे. तिच्या परीक्षेचे शंभर गुण असे विभागलेले असतात: लांबून वळसा घालून कळपामागे जाणं २०, कळप हलवणं १०, तो माणसाकडे आणणं २०, माणसापासून दूर हाकणं ३०, कळपातली ठरावीक मेंढरं वेगळी काढणं १०, आणि कोंडवाड्यात घालणं १०. कुत्रा माणसापासून दूर हाकतो तेव्हा त्याला स्वतःच्या आवडीविरुद्ध वागावं लागतं, म्हणून सर्वांत जास्त गुण त्याला आहेत. आम्ही हाच आराखडा घेतला, पण अर्धे गुण मैदानावर आणि अर्धे मालकाच्या कळपावर ठेवले. मैदानावरची पाच-दहा शिकवलेली मेंढरं आणि पिल्लं असलेल्या मेंढ्यांचा मोठा कळप यांत फार अंतर असतं. राखणीच्या कुत्र्यांच्या जातीला ही परीक्षा लावूच नये. त्यांच्यात पाहायचं ते कळपाशी चिकटून राहणं, जनावरांना इजा न करणं आणि हल्ल्याच्या वेळी उभं ठाकणं. हे एका दुपारी दिसत नाही. त्यांच्यासाठी पूर्ण हंगामाची नोंद लागते, आणि दोन वर्षांच्या आतल्या कुत्र्याबद्दल निकाल देण्यात अर्थ नसतो.

मान्यतेनंतर एकाच जातीचे शो आणि काम असे दोन रस्ते कसे होतात हे बॉर्डर कोलीत उघड दिसतं. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७६ साली आणि अमेरिकन केनेल क्लबने १९९५ साली त्याला मान्यता दिली. अमेरिकेत कामवाल्यांनी त्या मान्यतेला कडाडून विरोध केला आणि आपली वेगळी नोंदणी चालू ठेवली. अमेरिकन बॉर्डर कोली असोसिएशन तर शोमध्ये चँपियन झालेल्या कुत्र्याची नोंद रद्द करते. हे टोकाचं वाटतं, पण त्यामागचा विचार आम्हाला पटतो. ब्रिटनमध्ये मधला मार्ग निघाला: फक्त शो जिंकलेला कोली ‘शो चँपियन’ होतो, कामाची परीक्षा दिल्याशिवाय त्याला नुसतं ‘चँपियन’ म्हणवून घेता येत नाही. जर्मन शेफर्डच्या क्लबने १८९९ पासून पैदाशीला कामाशी बांधायचा प्रयत्न केला. तरीही शोच्या रेषा आणि कामाच्या रेषा दुरावल्याच. परीक्षेची अट आहे एवढ्याने भागत नाही. ती कोण घेतो आणि किती सोपी झाली आहे यावर सगळं ठरतं. म्हणून आमच्या नियमांत परीक्षकाने स्वतः कळप सांभाळलेला असावा आणि स्वतःच्या वेतातल्या कुत्र्याला गुण देऊ नयेत, या दोन ओळी आहेत.

स्टँडर्ड लिहायला बसलो तेव्हा हाताशी मोजमापं होती, त्यामुळे वादाला जागा कमी राहिली. उंची खांद्याच्या सर्वांत वरच्या बिंदूपाशी, सपाट कठीण जमिनीवर, ताठ मोजपट्टीने घ्यायची. कापडी टेप अंगावरून वळतो आणि आकडा वाढतो. कुत्रा दबकून उभा असेल तर कमी येतो. तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. मग परीक्षा उत्तीर्ण कुत्र्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) काढून, सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन विचलनं एवढी उंचीची कक्षा ठेवली. त्यात सुमारे ९५ टक्के कामाचे कुत्रे बसतात. एकच ‘आदर्श’ उंची लिहिली असती तर वर-खालचे सगळे कुत्रे काही वर्षांत पैदाशीतून गेले असते. केसांबद्दल ‘लांब आणि दाट’ असं लिहू नये. पुढचा परीक्षक आणखी लांब आणि आणखी दाट मागतो. ‘पाऊस अंगाला लागू न देणारे, काटे-गोखरू अडकून न बसणारे’ असं लिहिलं की दोन्ही बाजूंची मर्यादा येते. रंगावरून कुत्रा बाद करायचा नाही. फक्त दोन मर्ल (फिकट अंगावर गडद डागांच्या) रंगाच्या कुत्र्यांची जोडी लावायला बंदी ठेवली, कारण त्यातली सरासरी पाव पिल्लं दुहेरी मर्ल होतात, म्हणजे हा जनुक आई आणि बाप दोघांकडून घेतात, आणि बहिरेपणा व डोळ्यांचे दोष त्यांच्यात येतात. कामात झालेले व्रण आणि तुटलेला दात हा दोष धरू नये, हेही लिहिलं. छायाचित्र एकाच कुत्र्याचं छापायचं नाही. तो कुत्रा साचा होऊन बसतो.

मग मान्यता घ्यावी की नाही? अलास्कन हस्कीला कोणत्याही मोठ्या केनेल क्लबची मान्यता नाही, आणि लांब पल्ल्याच्या स्लेज शर्यतींत तोच पुढे असतो, कारण शर्यत दरवर्षी निवड करते. काम जिवंत आहे तोवर जातीला मान्यतेवाचून चालतं, नोंदवहीवाचून मात्र चालत नाही. काम संपत आलं असेल तर चित्र बदलतं. इंग्लंडमध्ये १९७८ साली पाणमांजरांच्या शिकारीवर बंदी आली तेव्हा ऑटरहाउंड टिकला तो केनेल क्लबच्या वहीत गेल्यामुळे. आमच्या जातीचे कळप अजून आहेत, पण कमी होत चालले आहेत. म्हणून आम्ही मान्यता घ्यायचं ठरवलं, काही अटींवर. मूळ वहीची मालकी जातीच्या क्लबकडे राहील आणि केनेल क्लबला प्रत जाईल. शोमध्ये कामाचा वेगळा वर्ग असेल. आणि वही कधीही बंद होणार नाही.

शेवटच्या अटीवर सर्वांत जास्त वाटाघाटी झाल्या, कारण बहुतेक केनेल क्लब शुद्धता बंद वहीनेच मोजतात. पण उदाहरणं त्यांच्याच दप्तरात आहेत. बसेंजीसाठी अमेरिकन केनेल क्लबने १९९० साली स्टडबुक पुन्हा उघडलं आणि आफ्रिकेतून आणलेले कुत्रे घेतले. डाल्मेशियनमध्ये लघवीत युरिक आम्ल साठायचा दोष जवळपास प्रत्येक कुत्र्यात पक्का झाला होता. १९७३ साली पॉइंटर या शिकारी जातीशी केलेल्या एकाच संकरातून निरोगी जनुक परत आला, आणि तरीही ती संतती पक्की स्वीकारायला ब्रिटनला २०१० आणि अमेरिकेला २०११ साल उजाडावं लागलं. हे दोन्ही दाखले अर्जाला जोडले. इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटीत आजही वंशावळ नसलेला कुत्रा कामाच्या गुणवत्तेवर नोंदला जातो, तो तिसरा.

आता बाहेरचा कुत्रा असा आत येतो. मालक अर्ज करतो, चिप आणि डीएनए होतो, एमडीआर१, डोळे आणि खुब्याचे निकाल लागतात, दोन परीक्षक त्याला त्याच्याच कळपावर पाहतात, आणि गुण ७०च्या वर असतील तर तो पुरवणी वहीत जातो. त्याची पिल्लं मुख्य वहीतल्या जोडीदारापासून झाली तर तीही पुरवणीतच राहतात, आणि तिसऱ्या पिढीला, त्या पिढीतल्या कुत्र्याने स्वतः परीक्षा दिल्यावर, मुख्य वहीत नाव चढतं. संपूर्ण वेत एकदम चढत नाही. प्रत्येक कुत्रा स्वतःच्या नावावर येतो.